कांद्याची पात कापायचं मशीन बनवलंय, पेटंट एजंटला माहिती नेमकी कशी लिहून द्यायची?

निफाड_फॅब्रिकेटर

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात माझं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. ट्रॉल्या, कांदाचाळीचे सांगाडे, रोटाव्हेटरची दुरुस्ती अशी कामं चालू असतात. आमच्याकडे उन्हाळ कांदा उपटून शेतात सुकला की पात कापायला माणूस मिळत नाही. बायका विळा घेऊन बसतात, एकेक कांदा हातात घेऊन इंचभर मान ठेवतात आणि पात उडवतात. एप्रिलच्या उन्हात अकरानंतर बसवत नाही, आणि तेवढ्यात वळवाचा पाऊस आला तर सगळा माल शेतातच भिजतो. त्यासाठी मी एक मशीन बनवलं. सिंगल फेजवर चालतं, दोन माणसं लागतात. मित्राच्या शेतात गेल्या एप्रिलमध्ये चालवून पाहिलं, काम चांगलं झालं. आत काय केलंय ते इथे लिहीत नाही, समजून घ्या.

पेटंट घ्यायचं ठरवलं आणि एका एजंटकडे गेलो. त्यांनी इंग्रजीत छापलेला फॉर्म दिला. प्रायर आर्ट, नॉव्हेल फीचर्स, बेस्ट मोड, एम्बॉडिमेंट असे रकाने आहेत. मी लिहून दिलं की मशीन कमी वेळात जास्त कांदे कापतं, मजुरी वाचते, शेतकऱ्याचा फायदा होतो, चालवायला सोपं आहे. त्यांचा फोन आला की यातून अर्ज लिहिता येणार नाही, नीट माहिती द्या. नीट म्हणजे काय, हे मला कळेना.

आणखी काही अडचणी आहेत. मराठीत लिहून दिलं तर चालेल का? मशीनमध्ये एका पार्टची खुबी अशी आहे की ती कळली तर कुणीही आठ दिवसांत मशीन उभं करील, ती न सांगता पेटंट घेता येईल का? मेहुण्याच्या मुलाने कॅडवर ड्रॉइंग काढून दिली, त्याचं म्हणणं आहे की शोधक म्हणून त्याचंही नाव लागतं. आणि डिसेंबरात पुण्याकडच्या कृषी प्रदर्शनात स्टॉल घेतलाय, ॲडव्हान्स भरलाय. जाणकारांनी सांगावं.

लेथ_ते_पेटंट

दादा, मशीनच्या आतलं तुम्ही इथे लिहिलं नाहीत हे फार चांगलं केलंत. यापुढेही लिहू नका, कुणी कितीही आपुलकीने विचारलं तरी. अर्ज दाखल होण्याआधी उघड केलेली गोष्ट नवी राहत नाही, आणि ती तुम्हीच उघड केली होती म्हणून सूट मिळत नाही.

मी सातपूरला एका टूलरूममध्ये ड्रॉइंग टेबलवर काम करायचे, मग पेटंट एजंटची परीक्षा दिली. आता नाशिक, सिन्नर, पिंपळगाव भागातल्या वर्कशॉपवाल्यांचे अर्ज लिहिते. तुमच्यासारखा कागद माझ्याकडे नेहमी येतो. त्यात फायदा असतो, मशीन नसतं. हे मी दोष म्हणून सांगत नाही. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाला माल विकणारा माणूस फायदाच सांगणार. पण पेटंट कार्यालयाला मशीन विकायचं नाहीये. तिथला परीक्षक इंजिनिअर असतो आणि त्याला एवढंच पाहायचं असतं की आधी काय होतं (फॉर्ममधलं प्रायर आर्ट), तुम्ही काय बदललंत (नॉव्हेल फीचर्स) आणि त्या बदलामुळे नेमकं काय घडलं.

ही माहिती आत्ताच का पूर्ण द्यायची, ते मला सगळ्यांत जास्त कळकळीने सांगायचंय. पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सगळं लेखी वर्णन, एकदा दाखल झालं की त्यात नवीन मजकूर घालता येत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती होते ती चूक सुधारायला, खुलासा करायला किंवा काही मागे घ्यायला. जे मुळात लिहिलंच नव्हतं ते नंतर आत येत नाही. दोन वर्षांनी परीक्षकाची हरकत येते, तेव्हा मालक मला सांगतात, "अहो ताई, पण ते स्प्रिंगचं कारण वेगळंच आहे," आणि मी फाइल उघडून बघते तर त्यात स्प्रिंग हा शब्दच नसतो. त्या वेळी माझ्या हातात काहीच राहत नाही. एजंट कितीही हुशार असला तरी तो तुमच्याबरोबर शेतात उभा नव्हता.

आता "नीट माहिती" कशी दिसते ते दाखवते. तुमचं मशीन मला माहीत नाही, म्हणून जगभर जुनी आणि सगळ्यांना ठाऊक असलेली रचना घेते. दोन रोलर शेजारी शेजारी, एकमेकांच्या उलट फिरणारे. वरून कांदे पडतात, पात दोन रोलरच्या फटीत ओढली जाते, कांदा फटीतून जाऊ शकत नाही म्हणून वर अडतो, खाली पातं असतं ते पात कापतं. बहुतेक जण एवढंच लिहितात: "दोन रोलर व एक पातं यांच्या साहाय्याने पात कापली जाते." हे वाचून कुणाला मशीन बनवता येईल का? रोलरचा व्यास किती? फट किती? वरून पाहिलं तर रोलर आतल्या बाजूला फिरतात की बाहेरच्या? पृष्ठभाग गुळगुळीत, खाचांचा की रबरी? पातं फटीच्या किती खाली? पात ओली असताना काय होतं?

आणि मग त्यातला खरा प्रश्न. गोल कांदा दोन रोलरवर बसतो तेव्हा मोठा कांदा वर राहतो, लहान खाली सरकतो. रोलर १०० मिमी व्यासाचे आणि फट ४ मिमी धरली तर ४० मिमीच्या आणि ७० मिमीच्या कांद्याच्या बुडाच्या उंचीत नुसत्या भूमितीनेच साधारण ५ मिमीचा फरक पडतो. पातं एका जागी पक्कं असेल तर मोठ्या कांद्याची मान लांब राहते, लहानाची तोकडी. मान तोकडी राहिली की तिथून सड शिरते आणि चाळीत शेजारचे कांदेही जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आता कुणी जर हा फरक घालवायची काही युक्ती काढली, तर त्याच्या कागदावर हीच गोष्ट अशीच यायला हवी: अडचण काय होती, ती कुठून येते, मी कोणता भाग कसा बदलला, आणि बदलल्यावर मान किती ते किती राहिली. "शेतकऱ्याचा फायदा" हे शेवटचं वाक्य आहे. त्याच्या आधीची सगळी साखळी परीक्षकाला दिसली पाहिजे.

म्हणून फॉर्म बाजूला ठेवा. मशीनजवळ उभे राहा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि कांदा जिथून आत जातो तिथपासून बाहेर पडेपर्यंत त्याच्याबरोबर चालत बोला. अगदी घरच्या मराठीत. प्रत्येक पार्टला हात लावून तीन गोष्टी सांगा: हा काय करतो, असाच का केला, आणि हा काढला तर काय बिघडतं. शेवटचं उत्तर सोडू नका. कारण कलम ३(फ) मध्ये लिहिलंय की ठाऊक असलेली साधनं नुसती एकत्र मांडली आणि प्रत्येक जण आपापलं ठरलेलं काम स्वतंत्रपणे करत राहिला, तर तो शोध होत नाही. मोटर, ब्लोअर आणि कन्व्हेयर एका चासीवर बसवले, एवढ्यावर पेटंट मिळत नाही. एका पार्टमुळे दुसऱ्याचं वागणं बदलतं, हे दाखवावं लागतं. "हा काढला तर काय बिघडतं" याचं उत्तर नेमकं तेच दाखवतं.

जमलं नाही तेही सांगा. वर्कशॉपवाल्यांना याची लाज वाटते, भंगारात टाकलेल्या पार्टबद्दल ते बोलत नाहीत. माझ्या दृष्टीने तो पार्ट सोन्याचा. १९५१ साली मिर्झापूरच्या पितळी भांडी करणाऱ्यांनी लेथवर भांडं पकडायच्या सोयीसाठी पेटंट अर्ज केला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७८ मध्ये निकाल लागला की ही कारखान्यातल्या कारागिराने सहज करावी अशी सुधारणा आहे, शोध नव्हे. पेटंट गेलं. तुमचंही काम वर्कशॉपचंच आहे, त्यामुळे "हे तर कुणीही केलं असतं" हा आक्षेप तुमच्या दाराशी येणारच. तुम्ही आधी सरळ मार्गाने करून पाहिलं, ते का फसलं आणि मग वेगळीच वाट का धरावी लागली, हे लिहिलेलं असेल तर त्याला उत्तर आहे. जुने पार्ट ठेवले असतील तर फोटो काढा.

आता खुबीचं. इथे मी तुम्हाला गोड बोलणार नाही. कलम १० सांगतं की शोध वापरात आणायची तुम्हाला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धत (फॉर्ममधला बेस्ट मोड) स्पेसिफिकेशनमध्ये द्यायलाच हवी. ती दडवली तर कलम ६४ खाली पुढे हितसंबंध असलेला कुणीही त्याच कारणावर पेटंट रद्द करायला जाऊ शकतो. वीस वर्षांचा हक्क मिळतो तो उघड सांगण्याच्या बदल्यात. त्यामुळे आधी स्वतःला विचारा: मशीन विकलं गेल्यावर कुणी चार बोल्ट खोलले तर ती खुबी दिसेल का? दिसणार असेल तर ती गुपित राहणारच नाही, पेटंटमध्ये घाला आणि तिच्यावरच मुख्य दावा करा (दावा म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागता ते सांगणारं वाक्य). खोलूनही कळणार नसेल, म्हणजे ती एखाद्या लेपाच्या भट्टीची किंवा मिश्रणाची कृती असेल, तर ती पेटंटबाहेर गुपित ठेवायची की नाही हा वेगळा विचार आहे. पण मग पेटंट मागितलेला शोध त्या कृतीवाचून नीट चालला पाहिजे. मशीनचा जीवच त्या पार्टमध्ये असेल तर दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नाही.

भाच्याचं: दुसऱ्याने सांगितलेलं कॅडवर उतरवलं म्हणून कुणी शोधक होत नाही. पण ड्रॉइंग काढताना त्याने एखादी अडचण सोडवणारी कल्पना दिली असेल आणि ती दाव्यात येणार असेल, तर तो शोधक आहे आणि त्याचं नाव घालायलाच हवं. नात्याकडे बघून ठरवू नका, दोन्ही बाजूंनी. कोणता भाग कुणी सुचवला याची यादी करा आणि एजंटला द्या.

एप्रिलमधल्या चाचणीला कलम ३२ आहे. वाजवी चाचणीसाठी शोध उघड्यावर चालवावा लागला आणि ते अर्जाच्या आधीच्या एका वर्षात झालं, तर तेवढ्याने नवेपण जात नाही. पण चाचणी ही चाचणीच हवी. मित्राकडून भाडं घेतलं होतं का, किती लोक होते, कुणी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला का, हे सगळं एजंटला खरं सांगा. त्या एप्रिलला वर्ष भरायच्या आत अर्ज गेला पाहिजे.

प्रदर्शनाबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. कलम ३१ मध्ये प्रदर्शनाची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ज्या प्रदर्शनाला हे कलम लागू केलंय तिथेच. नेहमीच्या कृषी प्रदर्शनावर त्यासाठी विसंबू नका. डिसेंबरच्या आधी किमान तात्पुरतं म्हणजे प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन दाखल करा. त्यानंतर पूर्ण स्पेसिफिकेशनला बारा महिने मिळतात. स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे, एजंटचं मानधन वेगळं. मात्र प्रोव्हिजनल म्हणजे कसंतरी लिहिलेलं दोन पानी नव्हे. त्यात जे असेल त्यालाच ती आधीची तारीख मिळते.

आणि हो, मराठी चालेल, एजंटला द्यायला. कार्यालयात अर्ज इंग्रजी किंवा हिंदीतच जातो, पण ते एजंटचं काम. तुम्ही इंग्रजीच्या भीतीने अर्धवट लिहू नका.

अवजारे_अकोला

ताईंनी सांगितलेलं अगदी बरोबर. आमचं कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायचं अवजार आहे, त्याचा अनुभव सांगतो. परीक्षण अहवालात परीक्षकाने दोन जुनी परदेशी पेटंटं समोर ठेवली आणि म्हटलं की एकातला जबडा आणि दुसऱ्यातली लिव्हर जोडली की तुमचं अवजार होतं. उत्तराला सहा महिने असतात. आमच्या एजंटने सुरुवातीला आमच्याकडून एक गोष्ट खोदून खोदून लिहून घेतली होती, ती तिथे कामाला आली. सरळ दातांचा जबडा ओल्या पऱ्हाटीवर घसरतो आणि साल सोलून हातात येते, मूळ जमिनीतच राहतं. म्हणून आम्ही दातांचा कोन बदलला होता आणि ओढ वाढली की पकड आपोआप घट्ट व्हावी अशी लिव्हर जोडली होती. हे सगळं कोनांसकट पहिल्या दिवसापासून स्पेसिफिकेशनमध्ये होतं, म्हणून उत्तरात दाखवता आलं. तेव्हा मला ते विचारणं कटकटीचं वाटलं होतं, आज त्या माणसाला मानतो.

जुनी पेटंटं तुम्ही स्वतःही शोधा. एजंट शोधतोच, पण मशीन बघून "हे आपल्यासारखं आहे" हे तुम्हाला चटकन कळतं. गूगल पेटंट्स, एस्पेसनेट आणि आपल्या पेटंट कार्यालयाची साइट, तिन्ही फुकट आहेत. नुसतं नाव टाकून सापडत नाही, वर्गाचा क्रमांक टाका. कांद्याची पात कापणे आणि साल काढणे यांचा आंतरराष्ट्रीय वर्ग ए२३एन १५/०८ आहे. चित्रं बघत जा, मजकूर नंतर. जे जवळचं वाटेल त्याचा क्रमांक लिहून शेजारी लिहा की यात अमुक आहे, आपल्यात ते नाही किंवा वेगळं आहे. आणि सापडलेलं एजंटपासून लपवू नका. तुम्हाला सापडलं ते परीक्षकालाही सापडतं.

ड्रॉइंगबद्दल: नियमाप्रमाणे पेटंटच्या चित्रात मापं लिहीत नाहीत, पार्टला क्रमांक देतात आणि वर्णनात त्याच क्रमांकाने बोलतात. त्यामुळे भाच्याने काढलेली मापांची ड्रॉइंग एजंटला द्या, पण अर्जासाठी चित्रं वेगळी लागतील. एक समोरून, एक बाजूने, एक छेद घेऊन, आणि जिथे खरी करामत आहे तिथलं एक मोठं करून.

काढणीपश्चात

मी काढणीनंतरच्या तंत्रज्ञानावर काम करतो, म्हणून आकड्यांपुरतं बोलतो. "काम चांगलं झालं" हे मोजून दाखवा. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा नको. एकाच शेतातला, एकाच दिवशी उपटलेला कांदा घ्या. चाळणीने लहान, मध्यम, मोठा असा वेगळा करा. प्रत्येकातले १०० कांदे मशीनमधून काढा, १०० विळ्याने कापून घ्या, आणि शक्य असेल तर तुमचा तो बदल काढून टाकून त्याच मशीनमधून आणखी १०० काढा. प्रत्येक कांद्याची मान पट्टीने मोजा. साधारण २ ते २.५ सेंमी मान ठेवावी अशी शिफारस असते, त्यात किती बसले, किती तोकडे, किती लांब, कितींना खरचटलं, कितींची पात तशीच राहिली. तासाला किती किलो आणि वीज किती. पात किती दिवस सुकलेली होती ते जरूर लिहा, कारण उपटल्यावर दुसऱ्या दिवशीची पात आणि पाचव्या दिवशीची पात ही ओढायला पूर्णपणे वेगळी असते.

त्यातला तिसरा गट, म्हणजे बदल काढून घेतलेली चाचणी, मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मशीन विळ्यापेक्षा वेगवान आहे यात नवल नाही. बदल असताना आणि नसताना काय फरक पडतो, तो तुमचा शोध.

सध्या उन्हाळ कांदा नाही हे खरं, पण खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबरपासून निघायला लागतो, त्यावर करा आणि वाण लिहा. चाळीत ठेवून चार महिन्यांनी किती सडला हे मोजायला हरकत नाही, पण त्यासाठी अर्ज थांबवू नका.

जुनं साहित्य शोधताना फक्त पेटंटं पाहू नका, एवढं जोडतो. अमेरिकेत १९९५ मध्ये हळदीने जखम भरण्यावर दिलेलं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवलं, तेव्हा पुराव्यात जुने संस्कृत उल्लेख आणि १९५३ सालचा आपल्याच वैद्यकीय नियतकालिकातला लेख होता. छापलेलं काहीही, कोणत्याही भाषेतलं, नवेपण घालवू शकतं. कृषी विद्यापीठांचे अहवाल, राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची प्रकाशनं, विद्यार्थ्यांचे प्रबंध हेही पाहा. कांदा पात कापणी यंत्रावर आपल्याकडे काम झालेलं आहे.

निफाड_फॅब्रिकेटर

सगळ्यांचे मनापासून आभार. रेकॉर्डिंगची कल्पना भारी निघाली. काल शॉप बंद झाल्यावर मशीनजवळ उभा राहून बोललो, आणि बोलताना मलाच कळलं की मी ज्याला मुख्य समजत होतो ते मुख्य नाही. "हा काढला तर काय बिघडतं" म्हटल्यावर दोन पार्ट तर उगाचच निघाले, आणि एका लहानशा पार्टवर सगळं उभं आहे. तोच तो खुबीचा. चार बोल्ट खोलले की दिसतो, म्हणजे ताई म्हणतात तसा तो पेटंटमध्येच घालणार.

दोन शंका राहिल्या. एक, त्या पार्टचं माप मी जे ठेवलंय तेच लिहायचं की मागेपुढे करून? दुसरी थोडी नाजूक आहे. कुणी काय सुचवलं याची यादी करताना आठवलं की तो पार्ट उलट बाजूने लावून बघू, असं माझ्याकडच्या वेल्डरने म्हटलं होतं. तसं केल्यावरच मशीन चाललं. तो पगारी माणूस आहे, मशीनचा सगळा खर्च माझा. भाच्याने मात्र मी सांगितलं तेवढंच काढलं, हे त्याने स्वतः मान्य केलं.

लेथ_ते_पेटंट

वेल्डरचं नाव शोधक म्हणून जाईल, दादा. ती गोष्ट दाव्यात असणार आणि ती त्याच्या डोक्यातून आली, मग पगार कुणी दिला यावर शोधक ठरत नाही. मालकी ही वेगळी गोष्ट. शोधक तो आणि तुम्ही दोघे, आणि अर्जदार एकटे तुम्ही, असं करता येतं. त्यासाठी त्याने आपला हक्क तुमच्या नावे लिहून दिला पाहिजे, कागदावर, सहीने, आणि त्याला ते समजावून सांगून. त्याबद्दल काही मोबदला ठरवा आणि तोही त्यात लिहा. हे अर्जाबरोबरच उरका. उद्या मशीन चाललं आणि तो दुसरीकडे कामाला लागला, तर ही सही घ्यायला जाणं अवघड होतं. आणि ज्या माणसाच्या सूचनेवर मशीन उभं राहिलं त्याचं नाव सरकारी कागदावर यावं, हे मला नुसतं कायद्याचं काम वाटत नाही.

मापाचं उत्तर: दोन्ही लिहा. तुम्ही ठेवलेलं माप "सर्वांत चांगलं चालतं ते" म्हणून. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मशीन कुठपर्यंत काम देतं, कुठे बिघडायला लागतं, ते करून बघून. दाव्यात काय घालायचं ते एजंट ठरवेल, पण हद्द तुम्हीच सांगू शकता. पुण्याच्या बजाज ऑटोचं डीटीएस-आय इंजिनाचं पेटंट, क्रमांक १९५९०४, यावरून टीव्हीएसशी मोठा वाद झाला होता. त्याच्या दाव्यात सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ४५ ते ७० मिमी, दोन स्पार्क प्लग आणि दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह अशी भाषा होती. टीव्हीएसचं म्हणणं होतं की आमच्या फ्लेम मोटारसायकलच्या इंजिनात तीन व्हॉल्व्ह आहेत, म्हणून आम्ही या दाव्यात येतच नाही. दाव्यातला प्रत्येक आकडा हे कुंपण असतं आणि समोरचा त्याच्या बाहेरून जायला बघतो. म्हणून स्वतः स्पर्धकाच्या जागी बसून विचार करा. त्या पार्टऐवजी रबराचा लावला तर चालेल? ब्रशचा? स्प्रिंगऐवजी वजन टांगलं तर? चालत असेल तर ते सगळे पर्याय वर्णनात द्या, तुम्ही बनवले नसले तरी. फक्त जे चालणार नाही असं वाटतं ते चालतं म्हणून लिहू नका.

"कांदा" एवढ्यावरही थांबू नका. लसूण, बीट, मुळा यांची पात त्याच रचनेने निघेल का, बघा. निघत असेल तर लिहा. आणि सगळी मांडणी मशीनची ठेवा, शेतात पात कापायच्या रीतीची नको. शेतीच्या पद्धतीला कलम ३(ह) प्रमाणे पेटंट मिळत नाही, तिथे विनाकारण हरकत ओढवून घेऊ नका.

रबर चढवून घ्यायला, लेझर कटिंगला वगैरे पार्ट बाहेर देत असाल तर तो एक पार्ट अर्ज होईपर्यंत शॉपमध्येच करा. नाहीच जमलं तर गुप्ततेचा एक पानी करार करून मगच ड्रॉइंग द्या. एजंटकडूनही तसं लिहून घ्यायला संकोच करू नका, चांगला एजंट स्वतःच देतो. त्याचं नाव पेटंट कार्यालयाच्या नोंदवहीत आहे का, ते साइटवर बघता येतं.

रेकॉर्डिंग, फोटो, फसलेल्या पार्टचे फोटो, चाचणीचा तक्ता, जुन्या पेटंटांचे क्रमांक आणि कुणी काय सुचवलं ती यादी, एवढं एजंटच्या हातात द्या आणि त्याला एकदा मशीन चालू असताना शॉपवर बोलवा. मसुदा आला की इंग्रजी येणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवून मराठीत ऐका, चित्रातल्या क्रमांकांवर बोट ठेवत. जिथे "असं नाही चालत ते" वाटेल तिथे थांबवा.

अर्ज क्रमांक हातात आल्यावर प्रदर्शनात मशीन बिनधास्त चालवा. बॅनरवर "पेटंट अर्ज दाखल" लिहायला हरकत नाही, "पेटंटेड" मात्र लिहू नका. मंजुरीआधी तसं म्हणणं कलम १२० खाली दंडाला पात्र आहे. आणि प्रोव्हिजनल दिल्यानंतर मशीनमध्ये काही नवी सुधारणा केलीत, तर तिची तारीख वेगळी धरली जाईल. ती मूळ अर्जात नाही, त्यामुळे पूर्ण स्पेसिफिकेशन दाखल होईपर्यंत तेवढा भाग झाकलेला ठेवा.